नळीतला विटकरी रंग

५ फेब्रुवारी १९७४
…हे होते तेव्हा रोज सकाळी बंबात पाणी, दारात सडा, यांच्या दोन भाकरी, मग स्पिरिटचा दिवा. नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं जास्त, विटकरी झालं तर फार. साखरेच्याच दुखण्यात हे गेले, चार वर्षं झाली. आज तीच नळी ट्रंकेतून काढून घासली. आता कुसुमसाठी. लेकीला सातवा महिना. हिरवं आलं.

८ फेब्रु.
डॉ.बाईंचा कागद चुलीजवळ चिकटवला. दीड भाकरी, पालेभाजी, मोडाचे मूग, बिनसाखरेचं दूध. भात, गूळ, साखर बंद. अक्षरं मला उशिरा आली, पण हा कागद पाठ झाला.
पहिलं बाळ पोटातच गेलं, साडेनऊ पौंडांचं. तेही साखरेमुळेच असणार, डॉ.बाई म्हणाल्या. त्या वेळी डिंकाचे लाडू मीच वळून तिच्या सासरी, कोडोलीला धाडत होते. दर आठवड्याला.

११ फेब्रु.
पिवळं. कु. रडली. "आई, सपनात पण गूळच दिसतोय गं."


१५ फेब्रु.
तीन दिवस निळं.
कु.ची सासू आली, गुऱ्हाळावरची काकवी घेऊन. रविवारी डोहाळजेवण, आमच्याच घरी. मी कागद दाखवला. "कागूद खायाचा हाय व्हय, विहीणबाई? डोहाळं मारल्यावर प्वाराचं कान फुटत्यात!"
कान फुटले तरी चालतील, म्हटलं, पण प्वार…

१७ फेब्रु., रवि.
पाच सवाष्णी. पुढच्या खोलीत मी जायचं नाही. कुणी सांगितलं नाही, मीच चुलीपाशी बसले. मुगाचं ताट वेगळं करून दिलं होतं, ते तसंच परत आलं. दारातून दिसत होतं. एकेकीनं पुरणपोळीचा घास काकवीत बुडवून भरवला. विहीणबाई म्हणाल्या, "खा गं बया, एका दिसानं काय हुतंय? न्हायतर तुझी आई तुला मुगावरच बाळंत करंल की!" सगळ्या हसल्या. कु. पण हसली. मग तिनं एकदा चुलीकडं बघितलं.
मी उठले नाही. शुभकार्यात विधवा मधे आली आणि पुढं काही झालं तर, म्हणून नाही उठले.

१८ फेब्रु.
विटकरी.
दुपारी कु. म्हणाली, "आई, सकाळपास्नं हललं न्हाय."
टांग्यानं दवाखान्यात. डॉ.बाईंनी पोटाला कर्णा लावला, कितीतरी वेळ. "ठोके आहेत. पण…" ठेवून घेतलं. मला विचारलं, काय खाल्लं? पुरणपोळी. कुणी दिली? म्हटलं, मी.

२० फेब्रु.
तसंच आहे. हलतं, मग तासन्‌तास नाही. डॉ.बाई काही सांगत नाहीत.
परवा दवाखान्याच्या बाकावर विहीणबाई रडत होत्या. "मला काय ठावं ओ." ठाऊक असलेली मी घरातच तर होते.
आज सकाळी सडा घातला. दीड भाकरी केली, मेथी केली. तिथंही रोज तपासायचं म्हणून नळी पदरात गुंडाळली आणि डबा घेऊन चालत दवाखान्यात गेले.