चार मिनिटांत ऐंशी हजार सभासद

ती. मामांना साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिने चढू देतो का? (खरं सांगा, मामी मला परस्पर कळवतात.) इकडे मी मजेत आहे, म्हणजे बुधवारपर्यंत होतो.

तुम्ही ज्या ग्रंथालयाच्या संगणक खोलीत उभी हयात काढलीत, तिथे आता मुख्य ग्रंथपालबाई विभागप्रमुख नेमणार आहेत. उमेदवार दोन: मी आणि शंकासूर (हे नाव मीच ठेवलं). त्याचं म्हणणं, सभासदांची यादी डेटाबेसच्या टेबलात भरावी. माझं म्हणणं, तुमच्या हातच्या साध्या टेक्स्ट फायलींनी कुणाचं काय घोडं मारलंय? बाई म्हणाल्या, दोघंही भरून दाखवा.

मामा, ते टेबल म्हणजे खडूस घरमालक. प्रत्येकाला दारातच विचारतं, नाव काय, पत्ता कुठला, याच क्रमांकाचा कुणी आधी आत आलाय का. ऐंशी हजार माणसं अशी आत घ्यायची म्हणजे दिवस मावळायचा. माझी फाइल कुणाला काही विचारत नाही. नावांची एक, पत्त्यांची एक, ओळीला ओळ लावली की झालं. पत्त्यांमध्ये एक रिकामी ओळ उगाच लोळत पडली होती, तीही मी काढून टाकली. चार मिनिटांत काम फत्ते. टेबल तेव्हा बाराशेव्या माणसापाशी ‘पत्ता नाही’ म्हणून अडून बसलं होतं. मी मोठ्याने हसलो. बाईंनी माझ्याच यादीवरून परत न आलेल्या पुस्तकांच्या नोटिसा धाडल्या.

ती रिकामी ओळ म्हणजे त्याच बिनपत्त्याच्या माणसाची जागा होती, हे मला बुधवारी उमगलं. तिथून पुढे प्रत्येकाला खालच्याचा पत्ता लागला. एका ब्रह्मचारी न्यायाधीशांकडे कुणा बाईंच्या नावाने ‘बाळंतिणीची काळजी’ परत करा म्हणून नोटीस गेली, आणि ती आधी शेजाऱ्यांनी वाचली. ग्रंथालयाच्या दारात तक्रारवाल्यांची रांग लागली आहे. मला खरोखर लाज वाटते, आणि विभागप्रमुखाची जागा हातची जाणार याची भीती त्याहून जास्त.

तुमचा भाचा

ता.क. फायली तुमच्या काळापासूनच बिघडलेल्या होत्या, असं मी बाईंना सांगितलं आहे. त्यांचा फोन आला की फक्त ‘हो’ म्हणा. निवृत्त माणसाचं कोण काय वाकडं करणार?

आणखी एक. तुमच्या नव्या घराचा पत्ता सभासदांच्या यादीतून घेतला. जुन्या यादीतून की माझ्या, ते आता आठवत नाही. तेव्हा वाचणारे आपण माझे मामा नसाल, तर हे बाईंना दाखवू नये ही विनंती. आणि आपण बाईच असाल, तर शंकासुराला माझ्यातर्फे अभिनंदन कळवावं.