खडकावरची घासणी

चि. धाकटीस थोरलीचे आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असणारच, नसती तर आतापर्यंत साऱ्या नातेवाइकांना फोन गेले असते. गुडघे सोडून बाकीची मी ठीक आहे. अक्षर तिसरीपर्यंतचंच, जुळवून वाच.

नात महिनाभर राहायला आली आहे. मला वाटलं, आजीच्या ओढीनं आली. आली ती आपल्या समुद्रातल्या खडकांवरचे स्पंज ओळखायला. परवा तिनं हिरवा, भोकाभोकांचा एक गोळा आणून माझ्या चांगल्या पातेल्यात ठेवला. म्हटलं, अगं, ही तर आमची भांड्यांची घासणी. तर म्हणे, हा प्राणी आहे. तोंड नाही, डोळे नाहीत, दिवसभर एका जागी बसून पाणी आत घ्यायचं नि बाहेर सोडायचं. (तुझ्या भावजींची फार आठवण आली. ते चहा घ्यायचे, एवढाच फरक.) आणि याची जात रंगावरून कळत नाही, उन्हात वाढला की हिरवा, सावलीत पिवळा.

ती आंघोळीला गेली नि त्याचा वास घरभर सुटला. तोच, विझलेल्या फटाक्याचा. एकदम आपण दोघी दिसलो, ओले झगे, खडकावर ओळीनं मांडलेली भांडी, आणि घासायचं सोडून खेकड्यांशी गप्पा मारणारी तू. असलं काही वर आलं की मी कामाला लागते. पातेल्यात कपड्यांचं ब्लीच ओतलं, झाकण ठेवलं नि विसरले. जेवणानंतर बघते तर गोळा गायब, तळाशी चिमूटभर पांढरा गाळ. पोरगी रडली, मग तो गाळ धुऊन आपल्या त्या बारकं मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीखाली घेऊन बसली आणि हसायलाच लागली. कॉलेजातही म्हणे टिचभर तुकडा ब्लीचमध्येच विरघळवतात, खाली उरतं त्यावरून जात ठरते. (टिचभर. मी अख्खा विरघळवला. अर्धवट काम मला जमत नाही.) जात सापडली. नाव माझ्या तोंडात मावत नाही.

तुझी ताई

ता. क. अख्खा गोळा दाखवल्याशिवाय तिच्या बाई ते नाव मान्य करणार नाहीत. दोनदा ओहोटीला फिरली, दुसरा मिळाला नाही. शनिवारी ती जाणार. आपण घासण्या काढायचो ती खडकातली फट तुलाच ठाऊक. शुक्रवारच्या आत ये.

आणखी एक ता. क. त्या दुर्बिणीला मीही डोळा लावला. नुसत्या काचेच्या सुया, दोन्हीकडे टोकदार. लाल झालेले तळहात दाखवून तू म्हणायचीस, "ताई, घासणीत सुया आहेत." मी आईला सांगितलं, कामचुकार आहे, सोंग करते. तू मार खाल्लास.

सुया होत्या.

ये. फट नुसती बोटानं दाखव, आत हात घालू नकोस. भांडी मी घासीन.