काजळी सोडत नाही

३ फेब्रुवारी

काजळी नापास.

परीक्षेला बाहेरचा चोर आणला होता. म्हणजे आमच्यासारखाच पोलीस, हातात जाड गादीची बाही चढवलेला, पण तरुण आणि नको इतका उत्साही. आमच्या कुत्रीने धरलं झकास. मग बारक्या ओरडला, "सोड!" सोडेना. पुन्हा ओरडला. शेवटी तिघांनी मिळून जबडा उघडला. (बारक्या तिचा हँडलर. दारातून वाकून आत येतो, म्हणून बारक्या.)

साहेब म्हणाले, या महिन्यात सुधारली तर ठीक, नाहीतर पथकातून नाव कमी. म्हणजे कुठल्यातरी गोदामाच्या फाटकाला साखळीत जन्म काढायचा.

श्वानपथकाचा खोटा चोर मी. कुत्री येतात, चावतात, निवृत्त होतात. कुणाचा लळा लावून घेत नाही. पण हिचं वाईट वाटलं.

४ फेब्रुवारी

माझा हात मात्र लगेच सोडते! बारक्या म्हणतो, "काका, तुमची दया येते तिला." काहीतरीच.

६ फेब्रुवारी

सापडलं. बारक्याने सराव मोबाइलवर टिपला. बघतो तर काय – त्याने "सोड" म्हणायला श्वास घेतला, की मी आधीच धडपड थांबवून लाकूड होतो. दुखतं हो माणसाला! काजळी त्याचं कधी ऐकतच नव्हती. चोर थंड पडला की खेळ संपला, एवढंच शिकली. खरा चोर कशाला थंड पडेल?

बायकोला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे मास्तर तुम्हीच होतात. मग निकाल असाच लागणार."

९ फेब्रुवारी

नवी पद्धत. मी शेवटपर्यंत लाथा झाडायच्या. शिवाय "सोड, सोड" बोंबलायचं, कारण खरे चोरही तेच बोंबलतात. तिने माझ्या शब्दाला काडीची किंमत द्यायची नाही. मधेच निपचित पडलो तरी सोडायचं नाही. फक्त बारक्याचा शब्द. ऐकला की चेंडू.

दंड बाहीच्या आतून काळानिळा. बायको गरम पाण्याची पिशवी देते आणि म्हणते, घरात हू की चू नाही, आणि तिथे कुत्रीपुढे गळा काढता.

१३ फेब्रुवारी

पालथ्या घड्यावर पाणी.

१७ फेब्रुवारी

सोडलं! मी हातपाय झाडतोय, घसा फाडतोय, ती ढिम्म. बारक्या एकदाच, अगदी हळू म्हणाला, आणि सोडलं. मला फार आनंद झाला. इथेच लिहितो, पथकात बोललो तर महिनाभर चेष्टा होईल.

२० फेब्रुवारी

पास. साहेबांनी तिची पाठ थोपटली. माझी नाही.

२ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

काल खरी कामगिरी. कारखान्यामागे तांब्याची तार चोरणारा एक हडकुळा माणूस. काजळीने त्याला दंडाला धरून पाडलं. बारक्या तिच्यामागे भिंतीवरून उडी मारायला गेला आणि छातीवर आपटला. तोंड उघडं, आवाज नाही. चोर निपचित पडलेला, रक्त फार. ती सोडेना. मी "सोड" म्हणालो, ओरडलो, विनवलं. तिने कानही हलवला नाही. शिकवलंच तसं होतं.

तिला पडलेल्यापेक्षा पळणारा आवडतो, एवढं मला ठाऊक. म्हणून मी पळालो. बाही गाडीतच होती.

आली. पकड उत्तम. मी लाथा झाडल्या नाहीत, बोंबललो मात्र खरोखरचा. बारक्याला आवाज फुटेपर्यंत तिने धरून ठेवलं, मग सोडलं.

चोराचा हात वाचला. साहेब दवाखान्यात येऊन म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी. अशी कुत्री ठेवायची कशी?"

म्हटलं, "संन्यासी कोण, साहेब? पळत मी होतो. पळणाऱ्याला धरणं हे तिचं काम. जबाबात तसंच लिहा."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग तसंच लिहून घेतलं.

५ मार्च

काजळी राहिली.

बोटं हलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, पथकाने आता दुसरा चोर बघावा.