कोपर आत

५ फेब्रुवारी, दुपारी

शाळेतून खेळाच्या बाईंचा फोन. आमच्या कन्येने रिलेच्या टीममधून नाव काढून घेतलं म्हणे. वय चौदा. मागच्या वर्षी शाळेत सगळ्यांत जोरात पळणारी पोरगी. हल्ली शाळेतून आली की पलंगावर आडवी, मोबाईल उभा.

बाई म्हणाल्या, या वयात मुली अशाच अचानक खेळ सोडतात. मजा वाटेल असं काहीही करू द्या, पण मागे लागू नका. महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते, मग दुसरीला घ्यावं लागेल.

मी म्हटलं, निर्धास्त राहा. वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. भल्याभल्यांना वळणावर आणलंय.

तिने खेळ का सोडला, कळत नाही. गेल्या वर्षी मी स्वतः रोज सकाळी स्कूटरवरून तिच्या शेजारी असायचो. कोपर आत, मान सरळ, श्वास नाकाने, असं अखंड सांगत. एवढं वैयक्तिक लक्ष कोणत्या मुलीला मिळतं? मोबाईलचाच परिणाम, दुसरं काय.

बायकोलाही यात घेणार. जिना चढताना तिला धाप लागते. महिनाअखेर दोघी फिट. मी मुळातच फिट आहे. शिकाऊ माणसाशेजारी दिवसभर बसून राहणं हा व्यायामच आहे. माझ्या बाजूला जो जादा ब्रेक असतो त्यावर पाय कायम तयार ठेवावा लागतो. पोटरी दगडासारखी आहे.

६ फेब्रुवारी, सकाळी

मॉर्निंग वॉकचा शुभारंभ. आमच्या स्कूलच्या पद्धतीने आधी थिअरी. गेटपाशी उभं करून पाऊल कसं टाकावं हे समजावलं. मग दोघी पायी, मी स्कूटरवर. शिकवणाऱ्याला सगळं दिसलं पाहिजे.

खांबापाशी थांबवलं, बायकोचे हात चुकत होते. पेपरवाल्यापाशी थांबवलं, कन्येची मान. कोपऱ्यावर थांबवलं, दोघी बोलत होत्या. तेवढ्यात शाळेची वेळ झाली. बायकोने विचारलं, आपण चालायला निघालो होतो की थांबायला.

पहिल्या दिवशी विद्यार्थी चिडतोच. अनुभव आहे.

९ फेब्रुवारी

चालणं बंद. बाईंनी मजा म्हटलं होतं, म्हणून डान्सचा व्हिडिओ लावून दिला. दोघी नाचायला लागल्या. खिदळत होत्या, म्हणजे लक्ष नव्हतं. मी रिमोट घेऊन बसलो आणि जिथे स्टेप चुकली तिथे थांबवून मागे नेलं. अर्ध्या तासात गाण्याचं पहिलं कडवं जवळजवळ निर्दोष झालं.

रात्रीपासून रिमोट सापडत नाहीये. या घरात वस्तू जागेवर ठेवायची शिस्त नाही.

१३ फेब्रुवारी

स्विमिंग पूल. महिलांच्या वेळात पुरुषांना आत सोडत नाहीत. हा नियम कोणी केला कोण जाणे. जाळीबाहेरून सूचना दिल्या. वॉचमनने हटकलं. मी त्याला सांगितलं की मी पालक आहे. तो म्हणाला, इथे सगळ्याच कोणा ना कोणाच्या तरी मुली आहेत, काका, निघा.

माझा आवाज ऐकून कन्या पाण्याखाली गेली ती बराच वेळ वरच आली नाही. श्वासावर उत्तम ताबा. एवढं तरी मी शिकवलेलं कामी आलं.

१६ फेब्रुवारी

दोघींनी एकमताने राजीनामा दिला. व्यायाम नको, पूल नको, विषयच नको.

बायको म्हणाली, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. माझी स्कूटर आहे, उंट नाही, हे मी लक्षात आणून दिलं. मग तिने जुनं उकरून काढलं. लग्नानंतर ती माझ्याकडे दोन वर्षं गाडी शिकली आणि आमच्या सरावाच्या मैदानाच्या फाटकाबाहेर कधी गेलीच नाही. म्हणे, गाडी जरा पळायला लागली की तुम्ही ब्रेक मारता. माणसाला वाटायला लागतं की आपल्याला येतच नाही.

मी ब्रेक मारला म्हणून त्या मैदानाची भिंत आज उभी आहे. हे कोणी बोलत नाही.

कन्या एवढंच म्हणाली, बाबा, मला पळायला आवडायचं. आणि खोलीत गेली. आवडायचं तर पळ ना, कोणी अडवलंय?

रात्री झोप लागली नाही. चहा जास्त झाला असावा.

१९ फेब्रुवारी

वेगळंच प्रकरण. मैदानावर आठचा आकडा काढण्यासाठी मी लाल प्लॅस्टिकचे कोन मांडून ठेवतो. रोज संध्याकाळी मांडून मी विद्यार्थ्यांना रस्त्यावर घेऊन जातो, आणि सकाळी बघावं तर सगळे अस्ताव्यस्त. एक भिंतीपलीकडे. एक चेपलेला.

संशय समोरच्या नव्या ड्रायव्हिंग स्कूलवर. धंद्यातली जळजळ.

२२ फेब्रुवारी

घरी चांगली चिन्हं. कन्या जेवणात दोनदा वाढून घेते आणि मोबाईल हातात असतानाच झोपते. बायको काल भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढली आणि वर गाणं गुणगुणत होती. गुडघा खरचटलाय. विचारलं तर म्हणाली, मोरीत घसरले.

माझ्या थिअरीचा परिणाम उशिरा दिसतो, पण दिसतो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आजही क्लास बुडवला. तीनदा टेस्ट नापास, तरी गांभीर्य नाही. रोज संध्याकाळी नेमका पेशंट येतो म्हणे.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी

चोर पकडला. सविस्तर लिहितो.

क्लास लवकर आटोपून दबकत मैदानावर गेलो. फाटकाआडून पाहिलं. आत माझी बायको. शेजारच्या शिवणवाल्या काकू, पदर खोचून. माझ्या नापास डॉक्टरीणबाई. कन्येच्या तीन-चार मैत्रिणी. दोन बाजू पाडलेल्या. एका बाजूने दुसरीचे कोन बॉल मारून पाडायचे, पाडले की जीव घेऊन पळायचं, आणि काकूंनी धरलं तर बाद. नियम दर दोन मिनिटांनी बदलत होते. भांडण चालू, हसणं चालू. काकू हसता हसता खालीच बसल्या.

आणि कन्या पळत होती. वर्षभरात तिला असं पाहिलं नव्हतं. केस सुटलेले, तोंड उघडं, एका चपलेचा पत्ता नाही. खरं लिहायचं तर माझे डोळे भरून आले. हा कागद कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

नेमकं त्या क्षणी तिचं कोपर बाहेर गेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, कोपर आत!

सगळं थांबलं. बॉल घरंगळत भिंतीपाशी गेला. डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवलं. कन्येने दुसरी चप्पल शोधली, पायात घातली आणि घरी निघून गेली.

फक्त दोनच शब्द होते. तेही बरोबर होते.

२६ फेब्रुवारी

शेवटी मीच बायकोला म्हटलं, मैदान वापरा, कोन वापरा, चेपले तरी चालतील. फक्त खेळ बंद करू नका. हे मी का म्हणालो, मलाही कळलं नाही.

तिने मुलींशी फोनवर बोलून अटी आणल्या. अंधार लवकर पडतो आणि खेळ रंगात येतो तेव्हाच बॉल दिसेनासा होतो. तेव्हा मी गाडी मैदानात आणावी, हेडलाइट लावावेत आणि आत बसावं. काचा वर. हॉर्न नाही. शिटी नाही. खाणाखुणाही नाहीत.

म्हणजे संपूर्ण प्रकाशव्यवस्था माझ्याकडे. माझ्याशिवाय पान हलत नाही, हे अखेर मान्य झालं.

२७ फेब्रुवारी

पदभार स्वीकारला. लाइट लावून ड्रायव्हरशेजारच्या माझ्या नेहमीच्या सीटवर बसलो. काचेआडून सात चुका दिसल्या, पैकी एकही बोललो नाही. जीभ चावली गेली, थोडं रक्त आलं.

खेळाच्या बाईंना उद्या टीम पक्की करायची आहे. कन्येने अजून हो कळवलेलं नाही. बायको म्हणाली, विचारू नका. नाही विचारलं. आयुष्यात इतकं कठीण काम केलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, जेवणानंतर

आज खेळ रंगात आला आणि दिवे मंद होत होत गेले. इंजिन बंद ठेवून लाइट लावले की बॅटरी उतरते, हे मी पहिल्याच क्लासला शिकवतो. आज विसरलो. बघण्यात गुंग होतो.

धक्का स्टार्टशिवाय पर्याय नव्हता. मी सूचना देणार तेवढ्यात बायको स्टेअरिंगवर बसलीसुद्धा. सेकंड गिअर, क्लच दाबलेला, सगळं बिनचूक. मी माझ्या सीटवर. बाकी सगळ्या मागून ढकलायला.

गाडी हलेना. काकूंनी जोर लावला, डॉक्टरीणबाईंनी लावला, पोरींनी एक दोन तीन म्हणून लावला. ढिम्म. मी म्हटलं, ताकद कमी पडतेय, म्हणूनच मी म्हणत होतो की नियमित व्यायाम हवा.

कन्या धापा टाकत माझ्या खिडकीपाशी आली. आत वाकून पाहिलं. आणि अगदी हळू म्हणाली, बाबा, पाय.

मी खाली पाहिलं. माझा पाय माझ्या ब्रेकवर होता. पूर्ण दाबलेला. कधी गेला, देवाशप्पथ मला माहीत नाही.

बायको हसली नाही. तेच जास्त लागलं. म्हणाली, उतरा आणि ढकला.

उतरलो. ढकललं. गाडी लगेच निघाली. इंजिनने खोकून सूर धरला आणि बायको थांबलीच नाही. मैदानाला एक फेरी मारली, फाटकातून बाहेर गेली, रस्त्यावर वळली. बाहेर! भिंत जिथल्या तिथे. पोरी ओरडत गाडीमागे धावल्या. मीही धावलो. दहा पावलांतच पोटात कळ आली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. पोटरी दगडासारखी असून उपयोग झाला नाही.

कन्या माझ्या शेजारून वाऱ्यासारखी गेली. जाता जाता ओरडली की बाईंना दुपारीच हो सांगितलंय.

कोपर बाहेर होतं. सांगणार होतो, पण बोलायला दम उरला नव्हता.