पाळीला पोचलेली गुणांची खाण

पेडणे,
दि. १८ मार्च १९८७

ती. कमलाक्षीआक्काच्या पायांवर डोके ठेवून धाकट्या शिवदासचा नमस्कार.

तुझ्या गुडघ्यांचे दगड झाल्याचे वाचून वाईट वाटले. (हे रूपक आहे. डॉक्टरांना असेच सांगू नकोस, ते भलतेच औषध देतील.) फोंड्याची हवा मानवते का, गोळ्या वेळेवर घेतेस का, कळव. माझी प्रकृती ठीक आहे, बाकी मी संपलो आहे. बावीस वर्षे शाळेत अलंकार शिकवून हाती काय आले, ते लिहितो.

आपल्या हर्षाचे पाळी गावच्या साईशशी जुळत आले होते, हे तुला ठाऊक आहे. मुलगा डिचोलीच्या टपाल कचेरीत. पोरीने आजवर चार स्थळांना नाक मुरडले, याला मात्र मान खाली घालून 'चालेल' म्हणाली. मुलाच्या आईने, पद्मावतीबाईंनी, मुलीची माहिती पत्राने मागवली. माहिती म्हणजे वय, शिक्षण, गोत्र. पण लेखणी हातात आली की मी एवढ्यावर थांबतो का? मी लिहिले, 'आमची हर्षा म्हणजे गुणांची खाण आहे.' तीनदा वाचले, स्वतःवरच खूश झालो आणि तिकीट चिकटवले.

पाळीला खाण म्हणजे काय, हे पेडण्यात बसून मला सुचले नाही. तिथल्या खाणीचा लाल गाळ त्यांच्या शेतात उतरला, विहीर आटली, आणि बाई आता तांदूळ विकत आणतात. आठवड्याने साईशचे कार्ड आले, की 'खाण' शब्दाने आई दुखावली आहे, ती विचार करते आहे. (लग्नाच्या बोलण्यात हा 'विचार' शब्दशः घ्यायचा नसतो.) हर्षाने कार्ड वाचले आणि माझ्यापुढे ठेवले. दोन दिवस ती धड जेवली नाही. मी लगेच माफीचे पत्र लिहिले, आणि नम्रतेच्या भरात 'आम्ही तुमच्या पायांची धूळ' असे लिहून बसलो. खाणीच्या ट्रकांमुळे त्या घरात दिवसातून तीनदा केर काढावा लागतो, हे मला कोण सांगणार? त्या पत्राला उत्तरच आले नाही.

शेवटी रविवारी इस्त्रीचा सदरा घालून, दोन बसगाड्या बदलून पाळीला गेलो. एकही अलंकार वापरायचा नाही, अशी वाटेत शपथ घेतली. पद्मावतीबाईंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "खणीन आमचें शेत खाल्लें, मास्तर. आतां घरांतय खणच हाडूं?" शेत खाणीने खाल्ले, आता घरात सूनही खाणच आणू का, या प्रश्नावर मी कप खाली ठेवला. "सादें सांगात. चली कशी आसा?"

आणि आक्का, मुलगी कशी आहे, हे मला साधे सांगताच येईना. चंद्र आठवला, कमळ आठवले, निरांजन आठवले, सगळी गिळली. पोटच्या पोरीविषयी एक सरळ वाक्य माझ्याकडे नव्हते. इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. कसेबसे तोंडातून निघाले, 'बरी आहे.' शाळेत 'बरा' हा शेरा मी काठावर पास होणाऱ्याच्या वहीवर देतो. तोच हर्षाला दिला, आणि आता सगळे आटोपले म्हणून चपला शोधू लागलो.

बाईंचा चेहरा मात्र फुलला. (हेही रूपक, राहू दे.) "बरी? मागीर आनीक कितें जाय!" मग आणखी काय हवे, म्हणून त्यांनी तिथेच होकार दिला. कोकणीत बरी म्हणजे चांगली, हे जन्मभर घरात कोकणी बोलणाऱ्या मला त्या क्षणी सुचले नाही. इस्त्रीचा सदरा घातला की मी मराठीतच विचार करतो. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, या वादात मराठीच्या बाजूने मी किती भाषणे ठोकली, ती तू ऐकली आहेस. आणि माझ्या मुलीचे लग्न ठरले ते एका कोकणी शब्दावर! मी दुरुस्ती केली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा चूक दिसूनही तशीच सोडली.

उद्या सातवीला रूपक शिकवायचे आहे. कोणत्या तोंडाने शिकवू, कळत नाही.

तुझा हताश भाऊ,
शिवदास

ता. क. लग्न सोळा मेला. पत्रिकेचा मजकूर तू लिहून पाठव. मास्तरांनी हात लावू नये, असे पद्मावतीबाईंनी बजावले आहे. हर्षाचेही तेच मत आहे.

आणखी एक. तुझी भावजय गंगा गेल्यापासून या घरात बोलते ती हर्षाच. ती सासरी गेल्यावर घर कसे होईल, याला कालपासून उपमा शोधतो आहे, सापडत नाही. घर रिकामे होईल. लग्नानंतर महिनाभर इथे राहा. पायऱ्या तीनच आहेत, मी हात धरीन. खराच धरीन.