वाळवीदादा

१४ मार्च

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. चव्वेचाळिशीच्या माणसाला, तेही सात वर्षं न बोलता, चिरंजीव म्हणावं का, माहीत नाही; सवय जात नाही. आई ठणठणीत आहे. तुझ्या मनगटाला पट्टा लागलाय, असं तिच्याकडून कळलं. फार दुखतं का?

कागदावर लिहिते आहे, कारण फुकट, खुले प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आपल्या लोकांत बाकी सगळं चव्हाट्यावर. आपण भांडलो तेसुद्धा ईमेलच्या गटात, चारशे माणसांच्या देखत! लेखकाचं नाव नसलेलं पुस्तक नोंदवलं की माझा ग्रंथालयाचा प्रोग्रॅम कोलमडायचा. तू दुरुस्ती पाठवलीस. मी सगळ्यांसमोर उत्तर दिलं, "नामंजूर. नियमावलीतलं कलम सात वाचून या." सख्ख्या भावाला 'या'! नियमावली एकतीस कलमांची, आणि सगळी मीच लिहिलेली.

तू अख्खा प्रोग्रॅम उचललास आणि नवं नाव देऊन वेगळी चूल मांडलीस. आपण याला फोर्क म्हणतो, आई वाटणी म्हणते. कुणीही न्यावा, बदलावा, इतरांना द्यावा, असं परवान्यात मीच लिहिलं होतं. तरी मी तणतणत होते. आई म्हणाली, "साऱ्या जगाला फुकट दिलंस, आणि भावाने नेलं तर पोटात दुखलं होय गं?" मी म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही.

हवापाण्याचं लिहायचं राहिलं. हवा बरी आहे.

तर, चार वर्षांपूर्वी मी नोकरी करते त्या ग्रंथालयाने माझा प्रोग्रॅम काढून तुझा बसवला. समितीने विचारलं, "तुमची हरकत नाही ना?" मी म्हटलं, "छे!" आणि तीन दिवस तुझ्या प्रोग्रॅममध्ये खोट शोधत बसले. चौथ्या दिवशी तुझ्या प्रोग्रॅममध्ये एक चूक सापडली. काय आनंद झाला म्हणून सांगू! तुझी जिरवायची म्हणून कळवायला बसले, पण चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. दुरुस्तीच लिहून टाकली. खाली नाव काय द्यावं? समोरच्या कपाटाला लागली होती तिचंच दिलं, वाळवी.

वीस मिनिटांत तुझं उत्तर. "वाळवीदादा, फार उपकार झाले. अजून येऊ द्या." बारक्या, मी इतक्या वर्षांत कुणालाही असं लिहिलं नव्हतं. खुर्चीत बसून रडले. मग आणखी एक पाठवली. आजवर दोनशे बारा झाल्या. नऊ तू नाकारल्यास, आणि दर वेळी का ते नीट समजावलंस. एकदा लिहिलंस, "दादा, तुमच्याइतका धीर आमच्या ताईकडे असता तर!" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

काल तू वाळवीला कळवलंस की हात साथ देत नाही, सगळे पासवर्ड तुम्ही घ्या, तुमच्याइतका भरवसा दुसऱ्या कुणावर नाही. आता गप्प बसले तर ती चोरी होईल. वाळवी मी आहे.

पासवर्ड मला नकोत. मालक तूच राहा. तू फोनवर तोंडाने सांग, टाइप मी करते. रागावून नाही म्हणालास तरी दुरुस्त्या पाठवणारच, आता स्वतःच्या नावाने. खुशाल नाकार. चारशे माणसांसमोर नाकार. फक्त नाकारताना ताई म्हण.

तुझ्या मंजुरीच्या प्रतीक्षेत,
ताई