माझी मान आणि त्या बाईंची वही

तीर्थस्वरूप मामांस,

कॉलर घातलेल्या भाच्याचा उभ्यानेच नमस्कार (वाकायला डॉक्टरांची मनाई आहे, उद्धटपणा समजू नये). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? अपघाताचं तुम्हाला आईकडून कळलंच असेल. आईने सांगितलेलं निम्मं करून घ्यावं. मी हवेत वगैरे उडालो नाही.

झालं असं, की आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी चौकातल्या सिग्नलला उभी होती. स्टिअरिंगवर आमचे नवे विद्यार्थी, निवृत्त पोस्टमास्तर, आणि शेजारी मी. दिवा हिरवा झाला. मास्तर निघणार एवढ्यात मी त्यांना थोपवलं आणि समजावू लागलो, की हिरवा झाला म्हणून उधळायचं नसतं, आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, आणि मग... पुढचं मागून आलं. डिकी मागच्या सीटवर येऊन बसली आणि माझी मान एकदा पुढे, एकदा मागे जाऊन जी रुसली ती अजून रुसलेलीच आहे. मास्तरांना खरचटलंसुद्धा नाही. खाली उतरून त्यांनी शांतपणे विचारलं, "हे आजच्याच धड्यात होतं का?"

धडक देणाऱ्या बाईंचं चष्म्याचं दुकान आहे. गावाचे डोळे त्या तपासतात, आणि आमच्या टपावरची पलंगाएवढी पाटी त्यांना दिसली नाही! मी असा भडकलो म्हणता. आमच्या हिचा चुलतभाऊ वकील आहे (फी घेत नाही, त्यामुळे त्याला काही बोलता येत नाही). तो म्हणाला, भरपाई मागायचीच. मलाही पटलं. स्कूलची ती एकुलती एक गाडी, माझ्या पायाशीही ब्रेक असलेली. ती दुरुस्त झाली नाही तर स्कूलला कुलूपच. बाईंच्या विमा कंपनीच्या माणसांसमोर कसं कण्हायचं याचीही त्याने तालीम घेतली. पण मामा, तालमीची गरज नव्हती. खरंच दुखतं हो. कूस बदलताना डोळ्यांत पाणी येतं.

तर विमा कंपनीच्या ऑफिसात बैठक बसली. बाई माझ्या समोरच होत्या. त्यांचा वकील काडीसारखा, पण बोलणं लोण्यासारखं. त्याने मला आधी चहा पाजला आणि मग विचारलं, या बाई गाडी कशी चालवतात असं तुमचं मत आहे? मी म्हटलं, भयंकर! असल्या माणसाच्या हातात गाडी दिली कुणी?

"तुम्ही," तो म्हणाला.

आणि त्याने आमच्याच स्कूलचा दाखला टेबलावर ठेवला. खाली माझी सही, शेरा 'उत्तम'. माझा विश्वासच बसेना. तेवढ्यात बाई पर्स घ्यायला वळल्या आणि ते नाक मी ओळखलं. (बावीस वर्षं विद्यार्थ्यांच्या शेजारी बसतोय. मला माणसं बाजूनेच ओळखू येतात. समोरून सगळे परकेच.) पर्समधून निघाली वही. शिकत असताना बाई माझा शब्द न् शब्द तारखेसकट लिहून घेत. सिग्नलला रेंगाळल्या म्हणून त्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या, तेव्हा मीच वैतागून म्हणालो होतो, "हिरवा झाला की निघा. विचार नंतर करा." ते लाल शाईने अधोरेखित केलेलं होतं.

म्हणजे त्या दिवशी चौकात माझेच दोन धडे एकमेकांवर आदळले. बाई वाईट चालवतात म्हणावं तर शिकवणारा मी, चांगल्या चालवतात म्हणावं तर हिरव्या दिव्याला वाट अडवून उभा राहिलेला मी. इकडे आड, तिकडे विहीर. आमचा वकील पंख्याकडे बघत बसला. हे सगळं छापून आलं तर आपल्या स्कूलमध्ये कुत्रंसुद्धा फिरकणार नाही, हे उमगून मी दावा मागे घेतला.

बाहेर जिन्यात बाई रडत होत्या. म्हणाल्या, "सर, भरपाई घेतली असती तरी चाललं असतं. पण सगळ्यांसमोर 'भयंकर' म्हणालात, ते लागलं." मामा, मला फार लाज वाटली. कॉलरमुळे मान खालीही घालता येईना.

असो. प्रकृतीला जपा.

तुमचा,
भाचा

ता. क. : पत्र लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. तुमची गाडी नऊ वर्षं चादरीखाली आहे. रोज पुसता, पण मामींनाही बसू देत नाही. आमचे पोस्टमास्तर रोज सकाळी येऊन रिकाम्या शेडमधल्या बाकावर तासभर बसून जातात. मला ते बघवत नाही. दोन महिन्यांसाठी द्याल का? नाही म्हणू नका.

ता. क. २ : मान वळत नाही तोवर मला गाडीत बसायची बंदी आहे. तोवर माझ्या जागी चष्मेवाल्या बाई शिकवणार आहेत. गाडी न्यायलाही गुरुवारी त्याच येतील. फाटक दोन्ही बाजूंनी सताड उघडं ठेवा, आणि मामींच्या कुंड्या बुधवारीच आत घ्या.